पांढऱ्या डागांचा ठपका कोणावर?

तारा लावल्या की दात कायमचे खराब होतात, हे मत नालासोपाऱ्यातल्या तुळिंजमध्ये इतक्या ठामपणे सांगितले जाते की ते तपासून बघावे असे कोणाला वाटत नाही. दीड-दोन वर्षे तारा वागवलेल्या मुलीच्या तारा निघतात, दात एका ओळीत आलेले असतात, आणि वरच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग उमटलेले असतात. आजी म्हणते, "मी तेव्हाच सांगत होते, चांगल्या दातांना तार लावू नका." खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्यावरून आपल्या मुलाची ठरलेली तारीख रद्द करतात. दवाखान्यात त्याच डागांवर वेगळा निवाडा होतो: "मुलगी नीट ब्रश करत नाही. आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." घरचे तारेला दोषी धरतात, दवाखाना मुलीला. मला हे दोन्ही निवाडे अमान्य आहेत. पहिला दाताच्या रचनेला धरून नाही, दुसरा आपल्या घरांच्या रचनेला धरून नाही, आणि दोन्हींत मोठी माणसे अलगद सुटतात.

पहिल्या निवाड्याचे उत्तर प्रत्यक्ष दातावरच सापडते. तारा काढल्यानंतर डाग नेमका कुठे पडला आहे ते उजेडात बघा. तार धरून ठेवणारे ब्रॅकेट जिथे चिकटवलेले होते तो लहानसा चौकोन बहुधा स्वच्छ, मूळच्या रंगाचा असतो. पांढरेपणा त्या चौकोनाच्या कडेने असतो, आणि सर्वांत जास्त असतो तो ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत. धातू दात खात असता, किंवा चिकटवण्याचा मसाला दात जाळत असता, तर सर्वांत वाईट अवस्था त्या चौकोनाची व्हायला हवी होती. दोन वर्षे मसाल्याखाली तोच दबलेला होता. घडते मात्र उलटे. ब्रॅकेटने झाकलेला दात वाचतो, आणि जो भाग उघडा असूनही ब्रश तिथवर पोहोचला नाही, तो जातो.

"दाताला ॲसिड लावतात" ही धास्तीही घराघरांत आहे. लावतात, हे खरेच आहे. ब्रॅकेट चिकटवण्याआधी दातावर फॉस्फरिक आम्लाची जेल काही सेकंद ठेवून धुऊन टाकतात. दाताच्या कवचाला आम्लाने खडबडीत करून त्यावर मसाला घट्ट बसवता येतो, हे मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने १९५५ साली दाखवले, आणि पुढे ब्रॅकेट चिकटवण्याची सारी रीत त्यावर उभी राहिली. यात कवचाचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा थर जातो. ही कृती एकदा होते आणि घड्याळ बघून होते. तोंडात आपोआप तयार होणारे आम्ल मात्र रोज, दिवसातून अनेकदा दातावर बसते आणि ते धुवायला कोणी उभे नसते. धास्ती घ्यायचीच तर याची घ्यावी.

दातावर जो चिकट थर सतत जमतो त्यातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि आम्ल सोडतात. तिथला सामू साधारण ५.५च्या खाली गेला की कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागते. लाळ हे नुकसान भरून काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. मध्येच पुन्हा गोड चहा किंवा बिस्किट तोंडात गेले की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तारेचा यातला वाटा एवढाच की प्रत्येक दातावर एक उंचवटा तयार होतो आणि त्याच्या वरच्या कडेला हा थर निवांत बसून राहतो. जीभ, गाल आणि लाळ यांनी जी थोडीफार सफाई एरवी होते तीही तिथे होत नाही. ब्रॅकेटभोवतीचा थर रोज निघाला नाही तर पहिला पांढरा डाग दिसायला चारेक आठवडे पुरतात. दोन तारखांमधले अंतरही साधारण तेवढेच असते. म्हणजे एका तारखेला ठीक दिसलेले मूल पुढच्या तारखेला डाग घेऊन येऊ शकते, आणि त्या मधल्या काळात त्याच्या दातांकडे बघणारे माणूस फक्त घरातलेच असते.

एक अपवाद सांगितला पाहिजे. दाढांना काही वेळा ब्रॅकेटऐवजी धातूची कडी सिमेंटने बसवतात. ती सैल झाली आणि कळली नाही, तर तिच्या आत अन्न आणि लाळ शिरते आणि कडीखालची दाढ खरोखर किडते. म्हणून चावताना दाढेची कडी हलते असे मूल म्हणाले की पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात फोन करायचा. इथेही दाढ किडते ती सैल कडी तशीच राहू दिल्यामुळे.

आता आजीच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण तो प्रेमातून येतो आणि म्हणूनच जास्त नुकसान करतो. "आम्ही राखुंडीने दात घासले, मिठाने घासले, आमचे काय बिघडले?" त्या पिढीच्या दातांवर उंचवटे नव्हते आणि दिवसातून आठ वेळा गोड खाण्याची चैन बहुतेकांना नव्हती. राखुंडी, कोळशाची पूड, खरखरीत लाल मंजन यांनी दात चमकतात कारण ते दात घासून पातळ करतात. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला बोटाने लावलेली पूड पोहोचतही नाही. पोहोचली तर तिथेच अडकून बसते. लिंबू-मीठ तर थेट आम्ल, म्हणजे ज्याच्यापासून वाचायचे तेच आपल्या हाताने लावायचे. कडुनिंबाची काडी चावताना ब्रॅकेट निखळते. मिश्रीबद्दल वेगळे सांगायला नको. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, तरी घरी भाजलेली मिश्री अजून कित्येक घरांत आहे, आणि तारा लावलेल्या मुलीला हिरड्या दुखतात म्हणून ती लाव असे सांगणाऱ्या मावशीही आहेत. हिरडी बधिर होते, सूज तशीच राहते, आणि पोरीला तंबाखूची सवय लागते.

लावायचे आहे ते साधे आहे: फ्लोराइड असलेली टूथपेस्ट. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये आणि ते किती आहे हे ट्यूबवर छापले पाहिजे, असा नियम आहे. ट्यूब उलटी करून तो आकडा वाचा. आकडाच नसेल तर त्या पेस्टमध्ये फ्लोराइड नाही असे समजा, जाहिरातीत काहीही म्हटलेले असो. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर थोडे टिकते. डॉक्टरांनी सांगितले तर ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचे पाणी रोज एकदा तोंडात खेळवून थुंकायचे. गिळू नये एवढे कळणाऱ्या वयाच्याच मुलाला ते द्यायचे.

दुसऱ्या निवाड्यावर, म्हणजे "मूल हलगर्जी आहे" यावर, मला जास्त बोलायचे आहे, कारण तो शिकलेल्या माणसांच्या तोंडून येतो.

दवाखान्यातून मिळणारे चकचकीत पत्रक हातात घ्या. बहुतेकदा ते इंग्रजीत असते. त्यात एक गोरे मूल बेसिनसमोर उभे असते. समोर मोठा आरसा, वर दिवा, खाली चोवीस तास वाहणारा नळ. आता तुळिंजच्या चाळीतली किंवा जुन्या इमारतीतली वन रूम किचनची जागा आठवा. दात घासले जातात मोरीत. मोरीत आरसा नसतो, तो बाहेर कपाटाच्या दारावर असतो. मोरीतला दिवा मंद असतो किंवा नसतोच. पाणी ठरलेल्या वेळी येते, कधी टँकरचे असते, आणि पिंपातून काढलेल्या तांब्यात मोजून वापरावे लागते. पहाटे पावणेसहाला आई-वडील विरारहून येणारी लोकल पकडायला निघालेले असतात. मूल त्या काळोख्या मोरीत, बाहेर कोणी भांडी घासायला थांबलेले असताना, दात न बघता ब्रश फिरवून बाहेर येते. ज्या पट्टीत डाग पडणार ती पट्टी त्याने स्वतःच्या तोंडात कधी पाहिलेलीच नसते. त्याला हलगर्जी म्हणणे अन्याय आहे. न दिसणारी गोष्ट साफ कर, असे आपण त्याला सांगत आहोत.

यावर मला हमखास असे उत्तर मिळते की मग अशा घरांनी तारा लावूच नयेत, ही चैन त्यांना परवडणारी नाही. हे मत तर मी मुळीच मान्य करणार नाही. फार पुढे आलेले दात हा दिसण्यापुरता प्रश्न नाही. वरचे दात खालच्यांच्या पुढे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असले तर पडझडीत ते मोडण्याचा धोका जवळपास दुपटीने वाढतो, आणि आमची मुले चिंचोळ्या गल्ल्यांत क्रिकेट खेळतात, गच्च भरलेल्या गाडीत चढतात. घर लहान आहे म्हणून उपचार नको, हा युक्तिवाद मान्य केला तर उद्या इन्सुलिनही मोठ्या घरांनाच द्यावे लागेल. बदलायचे आहे ते सांगण्याचे तंत्र.

आमच्या घरांतही तारांची नीट सफाई होऊ शकते, आणि फारसा खर्च न करता. रात्रीचे दात घासणे मोरीतून बाहेर काढा. मुलाला कपाटाच्या आरशासमोर, ट्यूबलाइटखाली, स्टुलावर बसवा. मांडीवर थुंकायला एक जुने पातेले, बाजूला एक पेला पाणी. पेलाभर पाण्यात हे सगळे होते, नळ वाहता असण्याची गरज नाही. ब्रश मऊ घ्या. प्रत्येक दातावर तो आधी हिरडीच्या बाजूने तिरका धरून ब्रॅकेटच्या वरच्या कडेत शिरवायचा, मग खालून तसाच वर, मग आतली बाजू आणि चावण्याची बाजू. दोन ब्रॅकेटच्या मधे, तारेखाली, बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा चिमुकला ब्रश मिळतो तो घाला. औषधांच्या मोठ्या दुकानांत तो मिळतो आणि धुऊन कित्येक दिवस चालतो. चार-पाच मिनिटे लागतात. सकाळी गडबडीत कमी झाले तरी चालेल, रात्रीचे मात्र चुकता कामा नये. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि दाताला राखणारे कोणी उरत नाही. रात्री घासल्यावर दूधही नको.

आणि आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, आई किंवा बाबांनी मोबाइलचा टॉर्च लावून मुलाचा वरचा ओठ उचलून बघायचे. हिरडीलगत पिवळट-पांढरा मऊ थर नखाने निघतो का? हिरडी फुगून ब्रॅकेटवर आली आहे का? ब्रश लागताच रक्त येते का? रक्त आले की बहुतेक घरांत ब्रश थांबवतात, "हिरडीला लागतंय" म्हणून. नेमके तेव्हाच थांबवायचे नसते. साचलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते आणि म्हणून रक्त येते. मऊ ब्रशने थर रोज काढला की काही दिवसांत ते थांबते. एवढे करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवून यायचे. ही तपासणी डॉक्टर करू शकत नाहीत, ते महिन्यातून एकदा भेटतात. बारा वर्षांच्या मुलाने ती स्वतःची स्वतः करावी, ही अपेक्षा मला तरी क्रूर वाटते.

खाण्याबद्दल दिलेली यादीही परक्या घरातून आलेली असते. त्यात पॉपकॉर्न असते, टॉफी असते. आमच्या मुलांचे ब्रॅकेट तुटतात ते चणे-फुटाण्यांनी, भाजलेल्या कणसाने, उसाच्या कांड्याने, कडक पेरूने, संक्रांतीच्या चिक्कीने आणि बर्फाच्या गोळ्यातला बर्फ कडाकडा चावल्याने. पेरू-सफरचंद बंद करायची गरज नाही, पातळ फोडी करून मागच्या दातांनी खायचे. कणीस दाणे सोलून, उकडून खायचे. तुटलेले ब्रॅकेट तारेवर लटकत राहते तोवर तो दात सरकायचा थांबतो आणि उपचार लांबतो. तुकडा हातात आला तर तो डबीत ठेवून फोन करायचा. टोचणाऱ्या तारेवर दवाखान्यातून मिळणारे मेण वाटाण्याएवढे घेऊन, दात कोरडा करून चिकटवायचे. मेणबत्तीचे मेण किंवा घरची कात्री त्यासाठी वापरायची नाही.

तुटण्यापेक्षा मला काळजी वाटते ती चिकटण्याची. वसईची सुकेळी घ्या. आमच्या तालुक्याचा अभिमान आहे तो, वाळवलेले केळे, साखर न घालता गोड. आणि पौष्टिक म्हणून ती मुलांच्या डब्यात हटकून जाते. पण ती ब्रॅकेटभोवती चिकटून तासभर राहते. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या विपेहोल्म इथल्या संस्थेत १९४५पासून काही वर्षे, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या मतिमंद माणसांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घालून दात कसे किडतात ते पाहिले गेले. तो प्रयोग माणुसकीला काळिमा होता, आज तो कोणी करू धजणार नाही. त्या माणसांच्या वेदनेतून निघालेला निष्कर्ष असा की साखर किती खाल्ली यापेक्षा जेवणाच्या मधे किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती वेळ चिकटून राहिली, यावर कीड जास्त अवलंबून असते. म्हणून सुकेळी द्यायची तर जेवणाच्या पानावर द्या, मधल्या सुट्टीत नको. शाळा सुटून क्लासला जाताना घेतलेले सरबत, क्लासच्या मधल्या वेळेत बिस्किटे, घरी आल्यावर गोड चहा, असे तुकड्या-तुकड्याने खाणे तारा असलेल्या दाताला सर्वांत महाग पडते. वडापाव खाऊ दे, पण त्यावर पाण्याने दोन चुळा भर, एवढे सांगितले तरी पुष्कळ होते.

आता दवाखान्यांनी काय करायला हवे ते. "आम्ही सांगितलं होतं" हे वाक्य मी पुरेसे मानत नाही. सांगणे आणि शिकवणे वेगळे आहे. तारा लावण्याआधी मुलाच्या दातांवर थर दाखवणारा रंग लावून, त्याच्याच हातात ब्रश देऊन, रंग जाईपर्यंत घासून घेतले पाहिजे, आणि हे आईच्या किंवा आजीच्या समोर झाले पाहिजे. मराठीत, हिंदीत, ज्या घरात जी भाषा त्या भाषेत. रंग तसाच राहत असेल तर तारा लावणे महिनाभर पुढे ढकलावे. लावल्यानंतरही प्रत्येक तारखेला थर दिसत असेल आणि सुधारत नसेल तर उपचार मध्येच थांबवून तारा काढण्याचा निर्णय घेण्याचे धैर्य डॉक्टरांना असले पाहिजे. थोडे वाकडे पण निरोगी दात हे सरळ आणि किडलेल्या दातांपेक्षा चांगले. हप्ते चालू आहेत म्हणून तारा चालू ठेवणे योग्य नाही. पालकांनी आपल्या बाजूने एवढे विचारावे की दात सरळ करण्याचे पदव्युत्तर शिक्षण डॉक्टरांनी घेतले आहे का आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे गर्दी असते, दिवस मोडतो, तारखा लांब मिळतात. पण नालासोपाऱ्याहून मुंबई सेंट्रलला एकाच गाडीने जाता येते.

राहिला रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात नव्या जागी धरून ठेवण्यासाठी घालायचे साधन. तारा काढून एक-दोन वर्षांनी दात पुन्हा वाकडे झाले की तुळिंजमध्ये तारांवर दुसरा ठपका येतो: पैसे वाया गेले. दात सरकवल्यावर त्याच्याभोवतीचे तंतू ओढलेल्या अवस्थेत असतात, आणि नव्या जागी स्थिरावायला त्यांना कित्येक महिने लागतात. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांचे साचे रिटेनर सुटल्यानंतर दहा वर्षांनी तपासले, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे झालेले होते; हा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. उपचार त्यांचेही चांगले झाले होते. म्हणून रिटेनर हा उपचाराचाच भाग आहे, आणि रात्री तो वर्षानुवर्षे घालावा लागतो. तो गार पाण्याने आणि सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुवायचा. गरम पाण्यात टाकला की त्याचा आकार बिघडतो आणि मग तो दाबून बसवला तर दात भलतीकडे सरकतात. जेवताना काढून रुमालात किंवा कागदात गुंडाळला की तो कचऱ्यात जातो, म्हणून टणक डबी दप्तरात हवीच. आणि तो कधीतरी हरवणार, तुटणार, हे धरूनच चालावे लागते. तोवर घरातले पैसे संपलेले असतात, नव्या रिटेनरची किंमत ऐकून पालक गप्प बसतात आणि दात परत फिरतात. त्यासाठी माझी मागणी आहे की तारांची किंमत सांगतानाच, पहिल्या दिवशी, दवाखान्याने रिटेनरची आणि किमान एका बदली रिटेनरची किंमत त्याच कागदावर लिहून द्यावी, आणि पालकांनी ती लिहून घेतल्याशिवाय पहिला हप्ता भरू नये.